ड्रायव्हरच्या मागची सीट

६ ऑक्टोबर, मंगळवार

काल लिहिलं ते चूक. ‘आईनं कंटाळून बस चालवणं सोडलं’ — हे बाबांचं सांगणं, आणि मी ते इतकी वर्षं खरं धरून चालले. आज माझी तान्ही ठकी आईच्या मांडीवर झोपली होती तेव्हा सहज विचारलं.

"कंटाळा? मला? अगं, धाकटा पोटात होता. मॅनेजर म्हणाले, बाई, सध्या पासच्या खिडकीवर बसा. तात्पुरतं."

निवृत्त होईपर्यंत ती त्याच खिडकीवर होती!

विचारलं, कारण काल माझ्याही मॅनेजरांचा फोन आला. बाळंतपणाची रजा संपत आलीय. "पहाटेची गाडी कशी झेपेल आता? खिडकीवर या. तात्पुरतं हो." मीही बसच चालवते; तोच डेपो, तीच खिडकी. शुक्रवारी, सोळा तारखेला उत्तर द्यायचंय.

७ ऑक्टोबर, बुधवार

ठकीला पाजताना ती सीट आठवत राहिली. ड्रायव्हरच्या मागची, एकटीच. रेक्झिन फाटलेलं, आतला स्पंज मी बोटानं कोरून कोरून अर्धा संपवला होता. बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, पण तिथे मला न्यायचे नाहीत — "दुकानात पोर? गिऱ्हाईक काय म्हणेल!" मग मी आईच्या बसमध्ये. सात वर्षांची होईपर्यंत माझी शाळा तीच.

सिग्नलला गाडी थांबली की आई मान न वळवता म्हणायची, "ती निळी पाटी वाच." मी एकेक अक्षर लावत असे. मध्येच हिरवा दिवा! उरलेला शब्द परतीच्या फेरीत. डावं-उजवं मी तिच्या आरशात शिकले, म्हणून आजही क्षणभर अडखळते. (हे मॅनेजरांना कळू नये!) कंडक्टरकाका रोज वाकून विचारायचे, "तपासनीसबाई, आमचं काम ठीक चाललंय ना?" मी गंभीरपणे मान हलवायची.

आई गाडी चालवताना गुणगुणायची. खिडकीवर गेल्यावर तिचं गुणगुणणं कधी ऐकल्याचं आठवत नाही. की मीच तेव्हा खऱ्या शाळेत होते, म्हणून? नक्की माहीत नाही. उगाच लिहू नये.

१० ऑक्टोबर, शनिवार

ठकीची लस. टॅक्सीनं गेलो. प्रत्येक वळणावर आईचा उजवा पाय खाली दाबला जातो — नेहमीचंच. टॅक्सीवाला हसून म्हणाला, "मावशी, ब्रेक माझ्याकडे आहे."

"मग लाव की!"

११ ऑक्टोबर, रविवार

आईला विचारलं, सकाळी ठकीला सांभाळशील का? मला वाटलं होतं, ती वाटच बघत असेल.

"नाही."

मग ठकीला थोपटत म्हणाली,

"संध्याकाळी खेळवीन, आजारी पडली तर उशाशी बसेन. पण रोजची सकाळ नाही देणार. आत्ता कुठे माझी मला मिळालीय ती."

फार लागलं. घरी येऊन रडले. मग लाज वाटली — का लागावं? तिला सकाळ हवी असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

खिडकीला हो म्हणून टाकावं. मनातल्या मनात वाक्यही तयार केलं.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

ह्याला ते वाक्य म्हणून दाखवलं. हा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो; बोलतो कमी. कपडे वाळत घालता घालता म्हणाला, "सगळ्यांना विचारलंस. मला विचारलंस का?"

नव्हतं विचारलं! मॅनेजरांना, आईला, शेजारच्या काकूंनासुद्धा. ठकीच्या बापाला तेवढं नाही.

"दुपारपाळी मागतो," म्हणाला. "तू दुपारी घरी, मग मी बाहेर. सकाळ माझी."

"मालक देतील?"

"तुला खिडकी देतात ना न मागता?"

१४ ऑक्टोबर, बुधवार

मालक सगळ्या दुकानासमोर हसले म्हणे. "बायको बस हाकणार आणि तू पाळणा हलवणार?"

हा म्हणाला, "पाळणा नाही, झोळी आहे."

पाळी मिळाली. पण मोठं मशीन गेलं. त्यावर आता सकाळचा दुसरा माणूस; हा मागच्या खोलीत फ्रेमचे स्क्रू बसवणार. तीन वर्षं त्या मशीनची वाट बघितली होती त्यानं.

"तात्पुरतं आहे, म्हणाले मालक," हे त्यानंच हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. म्हणजे खिडकी काही गेली नाही, फक्त आमच्या घरातच सरकली. हे बरोबर आहे का? सारखं विचारते. शेवटी चिडला — "तुझी आई गेली खिडकीवर तेव्हा बाबांनी असं किती वेळा विचारलं होतं?"

ठरलं एवढंच: ठकी वर्षाची झाली की अदलाबदल — कामाची सकाळपाळी त्याची, दुपारची गाडी माझी. मग ह्यानं मशीन परत मागायचं. दिलं नाही तर? माहीत नाही.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

मॅनेजरांना नाही म्हणून आले.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मी येते. तुझ्या मागच्या सीटवर, तिकीट काढून. आणि घाबरू नकोस, पाय उचलून बसेन. ब्रेक तू लाव."

सोमवार, एकोणीस तारीख. पहाटेची पहिली गाडी.