सोफ्यावरचा थेंब

३ जून
नवी कव्हरं शिवून झाली. डाग न धरणारं कापड. लांब सोफ्याला सुती, खुर्चीला पॉलिस्टर. पाणी टाकलं तर तुपकट ताटावर टाकल्यासारखं घरंगळतं. डॉक्टरीणबाईंना पसंत पडली तर त्यांच्या अख्ख्या दवाखान्याच्या कव्हरांचं काम माझं. घरातला कपडे मऊ करायचा, वासाचा सॉफ्टनर आधीच कचऱ्यात टाकला, या कापडाला चालत नाही.
वर राहणारी धाकटी जाऊ बघायला आली. म्हटलं, "बरं झालं, जुन्याला म्हातारीचा वास बसला होता." तर म्हणते, "हळू बोला ताई, त्या आत आहेत." मला शहाणपण शिकवते! स्वतः कधी सासूबाईंना पेलाभर पाणी दिलंय का?

८ जून
सोफ्यावर चहा सांडला आणि सरळ आत मुरला. परवा जाऊच्या मशीनमध्येच धुतलं होतं. "साध्या साबणाशिवाय काही घालू नकोस," असं बजावलं होतं. विचारलं तर, "मी काहीच नाही घातलं." नाक लावून बघितलं – सॉफ्टनरचाच वास. माझं चांगलं झालेलं हिला कधी बघवलंय?

९ जून
कापडवाला म्हणाला, सॉफ्टनरचा थर बसला की वरचा लेप काम करत नाही. सुतीवर लवकर बिघडतं, पॉलिस्टर जरा तग धरतं. नुसत्या पाण्यात खळबळून मंद इस्त्री फिरवा. फिरवली. थेंब पुन्हा उभा राहिला. जीव भांड्यात पडला. डॉक्टरीणबाई रविवारी येणार, घरात सगळ्यांना सांगून ठेवलं.

१४ जून
डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताने पाणी ओतलं. गेलं आत! "बघू, कळवते," म्हणाल्या आणि चहाही न घेता गेल्या. पुन्हा तोच वास.
तशीच वर गेले. तोंडाला येईल ते बोलले, तिचं माहेरही सोडलं नाही. ती रडत एवढंच म्हणाली, "छोटीला त्याने पुरळ येतं. माझ्या घरात सॉफ्टनर येतच नाही, ताई." नाटकी बाई.

१५ जून
बोलणं बंद. तोंड बघायचं नाही तिचं.

१७ जून
सासूबाईंची चादर बदलताना उशीखाली माझीच फेकलेली बाटली सापडली. तळाशी थोडा सॉफ्टनर उरलाय.
"रोज फडक्याने पुसून घेते मी सोफा," म्हणाल्या. "मी बसते ना तिथे. पाहुण्यांसमोर तुला वास नको यायला."