सुभेदारांच्या डब्यात काय हाय

३ फेब्रुवारी ९७, सोमवार. सातारा

आन् वर हे मला सांगत्यात, औषध न्हाई ते, ताकद हाय. हिरवी पावडर, शेणासारखी. राखेनं घासलं तरी ग्लासाचा वास जात न्हाई. दोन महिने मीच दुधात कालवून दिलं, मला वाटलं डॉ.नी दिलंय. आज कळलं, सुभेदारांनी दिलंय. ह्यांच्या पलटणीतले. पेन्शनीत येऊन दहा वर्षं झाली, तरी ते अजून साहेब आन् हे अजून शिपाई. किळस येते. माझ्याच हाताची पण.

६ फेब्रु., गुरुवार. सांगली, लेकीकडं

विश्रामबागला डॉ.कडं नेलं. ह्यांचे डोळे हळदीसारखे, अंगभर खाज. रक्त तपासलं. लिव्हर बिघडलंय. प्रोस्टेटच्या कॅन्सरची गोळी तीन टायमाला चालू हाय, तिनं पण कधीकधी असं होतं म्हणे.
डॉ.नी विचारलं, "काका, आणखी काही घेता? काढा, चूर्ण, टॉनिक?"
हे ताठ. "नो सर."
मी म्हटलं, खोटं बोलत्यात. रोज दोन चमचे हिरवी पावडर.
डॉ.नी पेन खाली ठेवलं. "दोन्ही बंद. पण कशानं झालं ते कळायला हवं. गोळीनं झालं असेल तर ती परत देता येणार नाही. पावडरीत काय आहे ते लिहून आणा. अठरा तारखेला या."
लेकीकडं परतताना एसटीत म्हटलं, खोटं का बोलला?
"त्यांनी औषध इचारलं."
"चूर्ण पण इचारलं."
"ती राशन हाय. सायबांनी दिल्याली."
मी खिडकीबाहेर थुंकले.

९ फेब्रु., रविवार. सातारा

सुभेदारांचं अंगण. सहा पेन्शनर ओळीत, हातात स्टीलचे ग्लास. दर रविवारी हीच परेड. साहेब एकेकापुढं जाऊन ग्लास रिकामा झाला का बघत्यात. म्हातारी माणसं, मिशांना हिरवा फेस. 
"या वहिनी. आमचा जवान कुठाय?"
"पिवळा पडून झोपलाय. ह्यात काय हाय?"
"जडीबुटी. सगळं नैसर्गिक."
"धोतरा पण झाडालाच येतो."
हसले. "आवं वहिनी, आतली घाण भाईर पडाय लागलीय. भिऊ नका, डबल करा."
डबल. माणूस मरायला टेकलाय आन् हा डबल म्हणतो.
डब्यावर घोड्याचं चित्र, 'सर्व रोगांवर', खाली 'गुप्त वनस्पती'. पत्ता न्हाई, काय न्हाई. ओळीतल्या एकानं खाली बघत विचारलं, "आमी पिऊ का नको?" साहेबांनी डोळे वटारले. प्याला गुमान.

११ फेब्रु., मंगळवार

जेवण न्हाई. रात्रंदिस खाजवणं. दुपारी ट्रंकेमागं दुसरा डबा घावला, अर्धा. उकिरड्यात ओतला. कोंबड्यांनी पण तोंड लावलं न्हाई.
हे बघत होते. म्हणाले, "गोळी बंद, ही बी बंद. मग मी घिऊ काय? कॅन्सर थांबलाय व्हय माज्यासाठी?"
 भांडायला आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी ह्यांचे पाय चेपत बसले.

१२ फेब्रु., बुधवार

चौथीपर्यंतचं अक्षर, पण चिठ्ठी मीच लिहिली. मीच नेऊन दिली. हे म्हणाले, "सायबांना असं लिहित्यात व्हय?" म्हटलं, मी न्हाई तुमच्या पलटणीत. लिहिलं ते असं—

सुभेदार साहेब,
आमच्या ह्यांना तुमी जे पाजलं त्यात काय हाय, ते डबा देणाऱ्याला विचारा आन् कागदावर लिहून सही करून द्या. ह्यांची कॅन्सरची गोळी त्यावर अडून हाय. तुमालाच म्हाईत नसंल तर 'म्हाईत न्हाई' असं लिहा आन् त्याखाली सही करा. ते पण डॉ.ला चालंल. तोंडी सांगितलेलं मला नको. ह्यांना एकट्याला बोलवून घेऊ नका, ते तुमाला व्हय म्हणतील. अठराला मंगळवारी आमी सांगलीला जाणार. तुमचा कागद माझ्या हातात सोमवारी, सतरा तारखेला, दुपारी बाराच्या आत पायजे.