साठ दिवस धरून काढलेला हिशेब

बाबा, तुम्हाला माझी चूक कळली होती का? इतकी वर्षं हा प्रश्न घेऊन फिरते आहे.

अजून दिसतं, तुम्ही ओटीवर बसला आहात, पुढ्यात न्हावा शेवा बंदराच्या फेऱ्यांची बिलं. आपल्या दोन ट्रेलरचं भाडं माल पाठवणाऱ्या पार्टीकडे अडकलं आहे आणि पंपवाला आता डिझेल उधार देत नाही. पनवेलची एक कंपनी अशी बिलं विकत घेते. शंभराच्या बिलाचे ऐंशी आज, उरलेले पार्टीनं पैसे भरल्यावर, आणि तोवर दर महिन्याला दोन रुपये कापणार. याला फॅक्टरिंग म्हणतात हे मी बी.कॉम.च्या पुस्तकात वाचलं होतं. घरातली पहिली पदवी, निकाल लागून महिनाही झाला नव्हता. काका म्हणाले, "आता बँक घरातच हाय. मॅनेजरबाईला इचार." तुम्ही हसला नाहीत. "पोरी, तू सांग. किती पैसा जाल?"

बिलावर साठ दिवसांची मुदत छापलेली होती. मी वहीच्या पानावर मांडलं, दोन महिने, चार रुपये. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा पगार जाऊन आपल्याला शंभरामागे सात उरायचे. त्यातले चार गेले तरी तीन. "परवडतं," मी म्हणाले, आणि तुम्ही सही करायला गेलात.

पार्टी साठ दिवसांत कधीच देत नव्हती, चार महिने लावायची. हे तुम्हाला पाठ होतं. पण मी तुम्हाला विचारलंच नाही, कागदाला विचारलं. आणि तुम्हाला वाटलं, शिकलेल्या पोरीनं ते धरलंच असणार. चार महिन्यांचे आठ, वर शंभरामागे एक रुपया फी, तीही मी धरली नव्हती. नऊ रुपये, तेही हातात पडलेल्या ऐंशींसाठी. पदरचे दोन रुपये घालून आपण दुसऱ्याचे कंटेनर ओढत होतो.

पहिला ट्रेलर विकला त्या आठवड्यात मला चूक सापडली. तेव्हा बोलले असते तर कदाचित दुसरा वाचला असता. मी बोलले नाही. मग तोही गेला आणि तुम्ही दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झालात. आई म्हणायची, "पार्टीनी बुडवला." तुम्ही म्हणायचात, "हिशेब बराबर होता, माजे पोरीनी काडलेला. मीच कमी पडलो."

बंदराच्या गेटबाहेरच्या रांगेत, केबिनमध्येच तुम्ही गेलात. लायसन्सच्या प्लास्टिकमधून माझं ते पान निघालं, घड्यांवर झिजलेलं. त्यावर तुमची एकही खूण नाही.

आज मी ट्रान्सपोर्टवाल्यांचे हिशेब बघते. समोर बसलेल्याला आधी विचारते, पार्टी खरंच कधी देते? लोक मला हुशार म्हणतात. ऐकवत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. परवा आई सुके बोंबील साफ करत होती. मी ते पान तिच्यासमोर उघडलं आणि चूक कुठे आहे तिथे बोट ठेवून सगळं सांगितलं. "त्याला कवा तरी सांगतलास का?" तिनं विचारलं. "नाही," मी म्हणाले. पान तिच्यापाशीच ठेवून आले.