हळू ओत

प्रिय दादा,

पाकीट बघून तू आधी वहिनीला विचारशील, हिला फोन करायला काय झालं? फोनवर हा विषय निघाला की तू दुसरंच काहीतरी काढतोस, म्हणून लिहितेय. न वाचता फाडलंस तर मात्र बघ.

मला कामावर नवीन यंत्र शिकायला बसवलंय. यंत्र कसलं, पोस्टकार्डाएवढी काचेची पट्टी, तिच्या पोटात दोऱ्यासारख्या बारीक नळ्या. एका पंपातून अ‍ॅसिड येतं, दुसऱ्यातून आपला द्रव. दोन्ही नळीत भेटतात, पुढे सरकता सरकता अभिक्रिया होते आणि दुसऱ्या टोकाला तयार माल दिवसभर ठिबकत राहतो. तुमच्या कारखान्यातल्या रिअ‍ॅक्टरच्या त्या अवाढव्य भांड्यापुढे तुला हा पोरखेळ वाटेल. पण आत एका वेळी जेमतेम चमचाभर माल असतो, आणि त्याची उष्णता काचेतून लगेच बाहेर पडते. तापून तापून किती तापणार? सोमवारपासून यावर मला एकटीनं नायट्रेशन, नायट्रिक अ‍ॅसिडचं ते तापट काम, चालवायचंय. हो, तेच. तुझा उजवा हात ज्यानं नेला ते.

सुरुवातीला माझी चांगलीच फजिती झाली. मी पंप अगदी मंद ठेवायची. अपघातानंतर तू मला रसायनशास्त्रातलं एकच वाक्य शिकवलंस, डाव्या हातानं माझा फ्लास्क धरून. हळू ओत. ते हाडात मुरलंय. आणि माझा माल रोज गडद तपकिरी, वाया गेलेला. पट्टी बदलली, अ‍ॅसिड बदललं, तरी तेच. शिकवणाऱ्या बाई तशा कडक आहेत, पण माझा पंप बघून त्यांनाही हसू आलं. म्हणाल्या, या नळीत हळू म्हणजे सुरक्षित नव्हे. प्रवाह मंदावला की दोन्ही द्रव नीट मिसळत नाहीत, आणि तयार झालेला माल अ‍ॅसिडमध्ये उगाच पडून राहून बिघडतो. वेग वाढवला आणि थोड्याच वेळात स्वच्छ पिवळी धार आली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

बाईंनी विचारलं, एवढं घाबरायला कुणी शिकवलं. मग मी तुझं सगळं सांगितलं. रिअ‍ॅक्टर केवढा होता, थंड पाणी कसं फिरायचं, अ‍ॅसिड ओतायला किती वेळ दिला होता. तू झोपेत बडबडायचास, मला तोंडपाठ आहे. त्यांनी माझ्याकडूनच गणित करून घेतलं. मोठ्या भांड्यात उष्णता मधोमध कोंडते, बाहेरच्या पाण्यापर्यंत पोचतच नाही. प्रयोगशाळेतल्या फ्लास्कची कृती कुणीतरी जशीच्या तशी त्या धुडाला लावली होती. दादा, तू ठरल्या वेगानं ओतलं असतंस तरी ते उसळलंच असतं. थोडं उशिरा, एवढंच. चौकशीत तू मान खाली घालून म्हणालास की घाई माझीच झाली, आणि बाकीचे सगळे सुटले.

हे आईला कळायला हवं होतं रे. शेवटच्या आजारपणात ती तुझा उरलेला हात मांडीवर घेऊन विचारायची, एवढी कसली घाई होती? तू कधीच उत्तर दिलं नाहीस. मला उत्तर माहीत होतं.

अपघात झाला त्या संध्याकाळी शाळेत मला बक्षीस मिळणार होतं आणि पहिल्या रांगेत बसायचं तू कबूल केलं होतंस. मला बोल लागू नये म्हणून तू आईपुढे गप्प राहिलास, आणि तू गप्प म्हणून मीही. आपण एकमेकांना सांभाळत बसलो आणि ती मात्र काही न कळता गेली. याचं वाईट आता जन्मभर वाटणार. तिला सांगायची वेळ गेली, निदान तुला सांगायची जाऊ नये, म्हणून हे लिहिलं. सोमवारी सकाळी ये. काही करू नकोस, नुसता माझ्या शेजारी उभा राहा. गेटवर तुझं नाव देऊन ठेवलंय. आत संरक्षक चष्मा घालावा लागतो, तुझ्यासाठी एक मागून घेतलाय.

तुझीच,
शेंडेफळ