अमॉसच्या पुस्तकातली दुरुस्ती

३ ऑक्टोबर १९६०, सोमवार

अमॉस आला. टपालाच्या बोटीतून, बटाट्याच्या पोत्यांमध्ये बसून! बोटवाल्या हायरमने त्याला हात धरून धक्क्यावर उतरवलं आणि मला म्हणाला, "घे अल्मिरा, तुझं पार्सल. जरा पिचलंय, पण पत्ता बरोबर आहे."

भाऊ एकतीस वर्षांनी घरी आला. आनंद व्हायला हवा होता. राग तरी. मी त्याची बॅग उचलली. हलकी होती.

कोटाच्या खिशात चौथ्या बायकोची चिठ्ठी — "मी चार वर्षं केलं. आता तुमची पाळी." सोबत डॉक्टरचं पत्र आणि एक छापील कागद.

५ ऑक्टोबर

मला नर्स समजतो. "बाई, आज पुन्हा विजेचा झटका आहे का?" विचारलं. नाही म्हटलं. मग निवांत अंडी खाल्ली.

८ ऑक्टोबर, शनिवार

काकवी घालून बीन्स केल्या. दोनदा मागून घेतल्या. हायरम डोकावला — "अख्खं जग पालथं घातलं आणि शेवटी शनिवारच्या बीन्सच गोड लागल्या ना, साहेब!" अमॉस त्याच्याकडे पाहून हसला. ओळखलं नाही, नुसता हसला.

या माणसाचे फोटो मासिकांत यायचे. कधी बंदूक घेऊन, कधी पुरुषभर माशाशेजारी, आणि दर खेपेला शेजारी नवी बायको. तीन युद्धं, दोन बुडालेली जहाजं, एक पडलेलं विमान, एक तुरुंग. लोक म्हणायचे, टॅपलीच्या पोराला भीती ठाऊक नाही! आता त्याला बुटाची नाडी बांधता येत नाही. मी बांधते.

डॉक्टर लिहितो, अठरा झटके दिलेत, आठवणी हळूहळू परततील. त्याची पुस्तकं त्यालाच वाचून दाखवा. जमलं नाही तर छापील कागदावर सही करून पाठवा. अठ्ठावीस तारखेला माणसं येऊन वेड्यांच्या सरकारी इस्पितळात नेतील. तिथून कुणी परत येत नाही हे डॉक्टरने लिहिलेलं नाही, पण ते बेटावर सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणजे वीस दिवसांत ठरवायचं. ठेवायचा की पाठवायचा.

१० ऑक्टोबर

वाचनालयातून त्याची चार पुस्तकं आणली. तीन माझी आधी वाचलेली. चौथं, आमच्या बंदरावरचं, मी कधी उघडलेलं नाही. त्याच पुस्तकाने अमॉसला मोठं केलं. चौतीस साली ते आलं तेव्हा दुकानात बायका मला पाहून गप्प व्हायच्या. एकीने तोंडावर विचारलं होतं, "तू खरंच रडली नव्हतीस?"

खरंच रडले नव्हते. माझा नवरा एव्हरेट बुडाला तेव्हाही नाही, नंतरही नाही. काय लपवायचंय!

इथे प्रत्येकाच्या बोयाचे, म्हणजे पिंजऱ्यावर तरंगणाऱ्या खुणेचे, रंग वेगळे. ज्याची हद्द त्याने तिथेच शेवंडीचे पिंजरे टाकायचे. कुणी हद्द ओलांडली तर आधी त्याच्या बोयाच्या दोरीला एक गाठ मारतात. समज म्हणून. नाही ऐकलं तर दोर कापतात, पिंजरे जातात तळाला. एकोणतीस सालच्या नोव्हेंबरात एव्हरेटला अशी गाठ दिसली. त्याने हसून सोडवली. आठवड्याने साठ पिंजरे कापलेले! दुसऱ्या सकाळी वारं ईशान्येचं होतं तरी गेला, तळाशी आकडा फिरवून पिंजरे शोधायला. 'जाऊ नको' असं मी म्हटलं नाही. होडी तिसऱ्या दिवशी खडकांवर सापडली. तो नाहीच.

पलीकडच्या काठावरच्या डोन घरच्यांनी कापले हे सगळं बेट धरून चाललं. त्यांची हद्द लागून होती. मीही धरून चालले. थर्झा डोन माझी शाळेपासूनची मैत्रीण. तेव्हापासून तिच्याशी बोललेले नाही. नऊ दिवसांनी अमॉस बोटीत बसून निघून गेला.

१२ ऑक्टोबर

वाचायला सुरुवात. युद्धावरचं. चौथ्या पानावर अमॉसने डोळे मिटूनच बोट वर केलं. मी थांबले. "पेन्सिल घ्या. 'भयाण' काढा. नुसती 'रात्र' पुरे."

त्याच्या सगळ्या बायका म्हणे हेच करायच्या. त्या वाचणार, तो ऐकणार, बोट वर झालं की दुरुस्ती. मी पेन्सिल घेतली. वाचनालयाचं पुस्तक! पण खोडलं. आणि खरं सांगते, वाक्य सुधारलं.

माणसं विसरला, वाक्यं नाही.

१५ ऑक्टोबर

बरं चाललंय. सकाळी मी पिंजऱ्यांची जाळी विणते, तो सुतळीचा गुंडा धरतो. आज मला "अल्मी" म्हणाला. एकदाच. लहानपणी म्हणायचा तसं. हायरमला सांगून टाकलं, बहुतेक ठेवीन याला. तो म्हणाला, "ठेव की. तुझ्या घरात बोलणारं एक माणूस तरी होईल."

१७ ऑक्टोबर

ते पुस्तक उघडलं. राहिलेलं तेवढंच होतं.

मी आहे त्यात. नाव वेगळं. खिडकीशी उभी असते, पाव भाजते, कुणी काही म्हणालं की "बरं" म्हणते. लोक तिला घाबरतात. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. बरोबर लिहिलंय.

१९ ऑक्टोबर, बुधवार

जसं घडलं तसंच उतरवून ठेवते.

दुपारी पिंजरे कापण्याच्या प्रकरणापाशी आलो. पुस्तकात पलीकडच्या काठावरचा एक उर्मट पोरगा पहाटे होडी काढतो आणि दोर कापतो. लायमन डोन, दुसरं कोण! थर्झाचा भाऊ. हे वाचूनच बेटाने त्याला आमिष विकणं बंद केलं, धक्क्यावर होडी लावू देईनात. शेवटी तो बेट सोडून गेला.

अमॉसचं बोट वर.

"चूक आहे. पेन्सिल घ्या, बाई."

घेतली.

"पलीकडचा पोरगा नाही. घरातला. बायकोचा भाऊ. बापाने आपली हद्द जावयाला दिली. मुलगा काय, कागद काळे करतो! म्हणून त्याने गाठ मारली. जावई हसला. सगळ्यांसमोर हसला धक्क्यावर. मग बापाच्याच सुरीने कापले. साठ. पहिले दहा रागाने, पुढचे नुसते हात चालू होता म्हणून. लिहिलंत?"

लिहिलं म्हटलं.

"वाचा."

मी वाचलं. माझा आवाज नेहमीसारखाच होता. त्याने मान हलवली. "हं. आता बसलं." आणि कॉफी मागितली.

मी कॉफी केली. साखर दोन चमचे.

२० ऑक्टोबर

काही नाही.

२१ ऑक्टोबर

सारखं तेच डोक्यात. खरं की बनवलेलं? याचा धंदाच बनवण्याचा. जिथे गेला नाही तिथलीही युद्धं लिहिली असतील. आज मुद्दाम विचारलं, "अमॉस, दोर कुणी कापले?" तो म्हणाला, "कुठले?" तोंडावर काहीच नाही. कोरा.

बाबा गेले. एव्हरेट नाही. विचारणार कुणाला!

कागदावर सही केली. हायरमच्या हाती दिला. त्याने तो पिशवीत टाकला. मग न राहवून — "परवापर्यंत तर ठेवणार होतीस." मी म्हटलं, "आता नाही ठेवणार."

२३ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेले नाही. अमॉसची दाढी केली. वस्तरा गळ्यापाशी असताना हात एकदा थांबला. मीच दचकले! मग नीट पुसून काढली. तो म्हणाला, "तुमचा हात हलका आहे."

२५ ऑक्टोबर, मंगळवार

थर्झाकडे गेले. एकतीस वर्षांत तो रस्ता चढले नव्हते. हायरमला अमॉसजवळ बसवलं. कुठे जाते ते सांगितलं नाही, पण पलीकडच्या काठाला एकच घर उरलंय.

तिने दार उघडलं. पार पांढरी झालीय. मला बघून म्हणाली, "कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग ये आत. थंडी येतेय."

मी बसले नाही. म्हटलं, "थर्झा, पिंजरे अमॉसने कापले का?"

ती चुलीकडे वळली. भांड्यावरचं झाकण उचलून परत ठेवलं. मग म्हणाली, "आमच्या बाबांनी पाहिलं होतं त्याला. पहाटे. तुमच्याच होडीत."

"आणि तुम्ही गप्प?"

"ओरडू नको माझ्या घरात." मी ओरडले होते? मला कळलंच नव्हतं. "बाबा म्हणाले, पोरीचा नवरा गेला. आता भाऊही काढून घ्यायचा का तिच्याकडून? शब्द घेतला आमच्याकडून. माझ्याकडून आणि लायमनकडून, दोघांकडून."

"पण ते पुस्तक आल्यावर? लायमन गेला तेव्हा?"

"तेव्हा लायमन निघाला होता धक्क्यावर उभं राहून सगळं सांगायला. मीच अडवलं. बाबा तर तोवर गेले होते! मेलेल्या माणसाला दिलेला शब्द." कप आपटला तिने टेबलावर. "फार मोठं मन वगैरे समजू नकोस गं. तुझ्या नावाने रोज बोटं मोडली मी. समोरच्या खिडकीत तू दिसायचीस, आणि मी म्हणायचे, बस अशीच, टवळे! एकदा तरी येऊन विचारशील असं वाटायचं. तू कधी विचारलंच नाहीस."

बसले तिथेच खुर्चीत.

म्हटलं, "शुक्रवारी पाठवतेय त्याला. वेड्यांच्यात. सही केली."

तिने फडक्याला हात पुसले. मग म्हणाली, "वा! मग आम्ही एकतीस वर्षं कशासाठी गिळून बसलो होतो?"

मी माफी मागितली. तिने माफ केलं नाही. सफरचंदाची पाई गरम होती, एक तुकडा कापून पुढे ठेवला. मी खाल्ला. खाताना रडू आलं. थांबेचना! थर्झा खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "आता रडतेस होय? जेव्हा बघायला सगळं गाव जमलं होतं तेव्हा नाही रडलीस ती."

२६ ऑक्टोबर

दिवसभर अंग दुखतंय. ताप नाही. अमॉसशी बोलले नाही. जेवण दिलं.

२७ ऑक्टोबर

त्याची बॅग भरली. मोजे, चष्मा, तीन पुस्तकं. मग चष्मा बाहेर काढला, त्याला हवा होता. मग पुन्हा भरला.

त्याचा राग येतोय. फार येतोय. हे मात्र लिहून ठेवते, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी येतंय.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

बोट आली. दोन माणसं, पांढरे सदरे. हायरम धक्क्यावर टोपी हातात धरून उभा. मी सांगितलं, चूक झाली, परत जा. त्यांच्या हातातला माझ्या सहीचा कागद घेतला आणि फाडला.

घरात आले तर अमॉस दारातच, कोट उलटा घालून. "बाई, तुम्ही कोण?"

म्हटलं, "एव्हरेटची बायको."

त्याने चौकट धरली. म्हणाला, "त्याला सांगा, आज जाऊ नकोस."

सांगते, म्हटलं.