ट्रॅक्टरवर जगवलेली लेक

प्रिय श्रीमंत,

अक्काचा जयभीम. तुझं कार्ड मिळालं. "पोर जगणार न्हाई, मला आता काही कळवू नको," असं लिहिलंस. बाळंतपणात गेलेल्या सिंधूला माती देऊन आलास आणि लेकराकडं न बघताच लातूरच्या एसटीत बसलास. मी अडवलं नाही. सातव्या महिन्यात जन्मलेली, ओंजळीएवढी पोर. तुझ्याजागी मीही भ्याले असते.

पण नर्सबाई म्हणाल्या होत्या, ऊब तुटू देऊ नका. तुझ्या दाजींनी फळ्यांची पेटी केली, आत कापूस, वर बल्ब. त्या उबेत ती धुगधुगत होती. तेवढ्यात गावची डीपी जळाली, सगळ्या गावची लाईट गेली. वायरमन म्हणाला, आठवडा तरी लागेल. शेगडीचा धूर तिला सोसेना. पोटाशी धरावं तर मी तापानं फणफणलेली.

अहमदपूरचे गुरुपादप्पा लग्नाच्या मांडवात ट्रॅक्टरवर डायनामो चालवून दिवे लावतात. यंदा दुष्काळानं लग्नंच लांबली, डायनामो पडून होता. दाजींनी विचारताच ते तो गाडीत घालून घेऊन आले. ट्रॅक्टर मात्र गावात एकच, हणमंतरावांचा. नांगरायला रान राहिलं नाही म्हणून तोही उभाच. मी तशीच त्यांच्या दारात गेले. ते म्हणाले, "पंचशीला, तुमच्या वस्तीत ट्रॅक्टर नेऊन रात्रंदिवस उभा करू? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघते. तुम्ही लेकराचं बघा," मी म्हणाले आणि त्यांच्या ओट्यावर बसले ती उठलेच नाही. शेवटी त्यांच्या बायकोनं, केवळाबाईंनी, आतून किल्ली आणली आणि हणमंतरावांच्या हातात ठेवली.

गुरुपादप्पांनी आधी खांबावरून येणारी तार घरापासून सोडवली. आपली वीज उलटी लायनीत गेली तर वायरमनच्या जिवावर बेतेल, म्हणाले. धूर घरात येऊ नये म्हणून ट्रॅक्टर लिंबापाशी लावला, पुलीवरून पट्टा डायनामोला चढवला. रेस वाढली की बल्ब पांढराफेक, उतरली की लालसर. तेव्हा हणमंतराव स्वतःच सीटवर बसले आणि रेस सांभाळत राहिले. जे आजवर आमच्या गल्लीत आले नव्हते, त्यांनी आमच्याच हातची भाकरी तिथं बसून खाल्ली. ते दमले की दाजी बसायचे.

लाईट आली, ट्रॅक्टर बंद केला, आणि एवढे दिवस त्या आवाजाखाली दबलेलं तिचं रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत.

आता ती पेटीत नाही, माझ्या मांडीवर आहे. चमच्यानं दूध पिते. कपाळ सिंधूचं, कान तुझे. नाव आत्यानं ठेवायचं, ते मी ठेवीन. पण तेव्हा लेकराला धरायला बाप पाहिजे, दुसरा कुणी मी धरू देणार नाही. रविवारी ये. नाही आलास तर ती अंगानं भरली की मीच तिला घेऊन येते. लातूर जिल्हा नवा, तुझी कचेरी नवी, मी काही पाहिलेली नाही. पण विचारत विचारत तुझ्या टेबलापर्यंत येईन, आणि तिला तुझ्या हातात दिल्यावरच बोलेन.

तुझीच,
पंचशीला अक्का