ठमाबाईच्या ताटातली भाकर

मी सुलाबाई हिरामण गांगुर्डे, वय शहात्तर, शिक्षण तिसरी, राहणार शरणपूर रोड, नाशिक. डोकं शाबूत आहे, कोणाचा दाब नाही, आणि आज मन इतकं खूश आहे की हात थांबत नाही. माझ्यामागे काय कोणाचं, ते लिहून ठेवते.

१. माझा मुलगा विश्वेश चर्चचा पंच. प्रभुभोजनाला सगळ्यांच्या ओठी एकच पेला लावतो, डोळे मिटून. घरी मात्र ठमाबाईचा चहा कानतुटक्या कपात, तोही मागच्या ओट्यावर. ठमाबाई वीस वर्षं आमची भांडी घासते. पेठकडची, माझ्याच गावची नि माझ्याच जातीची. म्हणजे तिचा विटाळ तो माझाही, पण एवढं पंचाला कळायला नको? तिनं घासलेलं ताट चालतं, तिनं जेवलेलं चालत नाही! वर मलाच शिकवतो, "आई, चर्चची मेज वेगळी, घरची वेगळी." वा रे शहाण्या! प्रभूनं दगा देणाऱ्या यहूदालासुद्धा मेजेवरून उठवलं नाही. तर तो कानतुटका कप विश्वेशला. रोज त्यातच प्यावं.

२. सून मृण्मयीला माझी येवल्याची पैठणी. घडी ठमाबाईनं घातलीय. म्हणून धुवायला काढशील तर रंग जाईल, आधीच सांगते.

३. घर विश्वेशचंच ठरलं होतं. आज तो चर्चमधलं प्रभुभोजन उरकून घरी आला, तेव्हा मी नागलीच्या भाकरी केल्या होत्या आणि ठमाबाईला मेजेवर शेजारी बसवलं होतं. तिचा एक पाय दाराकडेच. म्हटलं, "विशू, बस. हिच्या ताटातला तुकडा मोड."

"माझा उपास आहे, आई."

उपास! मिशीला पोह्याचा दाणा.

ठमाबाई उठायला लागली, तोच नात सई आली. ठमाबाईच्या ताटातली भाकर मोडून चटणीला लावली नि म्हणाली, "ठमाआजी, सरक की जरा!"

घर सईला. ठमाबाई जिवंत असेतो ह्याच मेजेवर जेवेल, ही अट.

४. माझ्या मातीनंतर सगळ्यांनी एकाच पंगतीत जेवावं. ज्याला उपास असेल त्यानं वाढावं.

वकील म्हणतात, ज्याला द्यायचं त्याची साक्ष चालत नाही. म्हणून साक्षीदार मी जेवायला घालून निवडले.

साक्षीदार:
शौनक देवरे, वकील. लाजत जेवले, पण जेवले.
राज पगारे, शेजारी. तिसरी भाकर मागतोय.

विश्वेश अजून दारातच उभा आहे. त्याचं ताट वाढलेलं आहे. घर आता मिळायचं नाही, भाकर मिळेल.

नाशिक, ६ ऑक्टोबर २०२४
सही: सुलाबाई हिरामण गांगुर्डे